थिअरी पक्की झाली की तिचं फॅक्ट होतं का?

प्रश्न : उत्क्रांतीचा विषय निघाला की आमच्या ग्रुपवर कोणीतरी म्हणतंच, 'ती नुसती थिअरी आहे, फॅक्ट नाही.' भरपूर पुरावे मिळाले की थिअरीचं फॅक्ट होतं का? नसेल तर तिच्यावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा?

उत्तर : नाही होत, कितीही पुरावे मिळाले तरी नाही, कारण दोघांची कामंच वेगळी आहेत. फॅक्ट म्हणजे जे बघितलं, मोजलं आणि दुसऱ्या कोणी मोजलं तरी तेच आलं. थिअरी सांगते की हे असं का होतं, आणि माझं खरं असेल तर पुढे काय सापडायला हवं.

बुध ग्रहाचंच बघा. त्याची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि ती अख्खी कक्षाच हळूहळू फिरत असते. बाकीच्या ग्रहांच्या ओढीने ती फिरणारच, पण न्यूटनच्या नियमांनी सगळा हिशोब मांडला तरी थोडं फिरणं शिल्लक उरतंच, आजच्या मोजमापाने शंभर वर्षांत साधारण 43 विकला (एका अंशात 3600 विकला असतात, म्हणजे किती बारीक नजर लागली असेल बघा). फ्रेंच गणिती ल व्हेरिए यांनी 1859 मध्ये ही तफावत मांडली. याच माणसाने आधी युरेनसच्या चालीतल्या गडबडीवरून न्यूटनच्याच गणिताने एका नव्या ग्रहाची जागा सांगितली होती आणि 1846 मध्ये बर्लिनला तिथून एका अंशाच्या आतच नेपच्यून सापडला! त्यामुळे बुधाच्या बाबतीतही त्यांना वाटलं की बुधापेक्षाही आत, सूर्याजवळ अजून एखादा ग्रह असणार, त्याला 'व्हल्कन' नावही पडलं, लोक वर्षानुवर्षं शोधत राहिले पण तो नव्हताच. 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेतून, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या नव्या थिअरीतून, ते उरलेले 43 बरोब्बर निघाले, कुठलाही नवा ग्रह न आणता.

आता यात बुधाचं सरकणं हे फॅक्ट, ते तेव्हाही तेवढंच होतं आणि आजही तेवढंच आहे, बदललं ते त्याचं कारण. आणि न्यूटन काही मोडीत निघाला नाही हं, अवकाशयानं सोडताना बरंचसं गणित आजही त्याचंच वापरतात.

उत्क्रांतीचंही तसंच. जीवाश्म, डीएनएमधली साम्यं, औषधांना दाद न देणारे बॅक्टेरिया ही सगळी फॅक्ट्स, आणि त्यांची एकत्र संगती लावते ती थिअरी. भरवसा ठेवायचा तो ती स्वतःला अडचणीत टाकायला, म्हणजे चूक ठरू शकेल असं भाकीत करायला, तयार असते म्हणून. मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला जीव हवा असेल तर तो अमुक एका काळातल्या खडकांतच मिळायला हवा, असा विचार करून काही संशोधक कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एल्समीअर बेटावर गेले आणि 2004 मध्ये तिथल्या साधारण 37.5 कोटी वर्षं जुन्या खडकात त्यांना टिक्टालिक नावाच्या अशाच मधल्या जीवाचा जीवाश्म सापडला. अंगावर माशासारखे खवले, पर पण माशाचेच, तरी त्या परांच्या आत मनगटासारखी हाडं, आणि डोकं खांद्यापासून सुटं, म्हणजे चक्क मान!