पौर्णिमेचा चंद्र आणि समोरचे दृश्य एकाच फोटोत नीट कसे येतील?

चंद्र नीट आला की देऊळ काळे पडते आणि देऊळ उजळले की चंद्राचा पांढरा ठिपका होतो, असे आपण आपल्या प्रश्नात लिहिले आहे. पण यात दोष कॅमेऱ्याचा नसून वेळेचा आहे. चंद्राचा पृष्ठभाग उन्हात असल्यामुळे त्याला दिवसाचेच एक्स्पोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा याचे माप) लागते, म्हणून समोरचे दृश्यही उन्हात आहे तोवरच दोघांचा मेळ बसतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि तो वर येईपर्यंत जमिनीवर अंधारून येते. आदल्या संध्याकाळी तो पाऊणएक तास आधी उगवतो आणि डोळ्यांना जवळजवळ पूर्णच दिसतो. तेव्हा चतुर्दशीला जा.

पुण्याच्या पर्वतीवरील देवळामागून वर येणारा चंद्र मी एका हिवाळ्यात असाच टिपला. त्या दिवसांत पूर्ण चंद्र पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो, म्हणून टेकडीच्या नैऋत्येस, सिंहगड रस्त्याकडील एका गच्चीवर, सुमारे दोन किलोमीटर दूर उभा राहिलो. तेवढ्या अंतरावरून चंद्रबिंब देवळाशेजारी १७-१८ मीटर रुंद भासते. टेकडीआडून चंद्र डोकावला तेव्हा शिखरावर मावळतीचे ऊन होते, आणि ४०० मिमी लेन्सवर एफ/८, १/१२५ सेकंद, आयएसओ २०० अशा एकाच एक्स्पोजरमध्ये दोन्ही आले. एका प्रदर्शनाच्या परीक्षकांनी मात्र चंद्र चिकटवला आहे असे ठरवून तो फोटो बाद केला. भरलेला चंद्र आणि उन्हातले देऊळ एकत्र दिसूच शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते, आणि मी पुढे केलेली रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, फेरफार न केलेली फाइल) त्यांनी उघडलीसुद्धा नाही. चंद्रोदयाची वेळ ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी निसर्गचित्रांचे परीक्षण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अमेरिकी छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांचे १९४१ मधील, न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाचे विख्यात चंद्रोदयाचे छायाचित्रही मावळत्या उन्हातलेच आहे. प्रकाशमापक सापडेना, तेव्हा चंद्राच्या ठाऊक असलेल्या तेजावरून त्यांनी एक्स्पोजर ठरवले होते.

अर्थात तिथीवर विसंबू नका. चंद्रोदय सूर्यास्तापूर्वी वीस ते चाळीस मिनिटे असेल तो दिवस निवडा. अंधार पडलाच, तर त्याच ट्रायपॉडवरून, त्याच लेन्सने वेगवेगळ्या एक्स्पोजरवर घेतलेले दोन फोटो जोडण्यास माझी हरकत नाही, मात्र तसे लिहावे. रुंद दृश्य टिपणाऱ्या वाइड लेन्सच्या फोटोवर, दूरचे मोठे करून दाखवणाऱ्या टेलिलेन्सचा चंद्र बसवणे ही फसवणूक आहे. स्पर्धेला पाठवणार असाल तर प्रिंटच्या मागे तारीख, वेळ आणि उभे राहिल्याची जागा लिहा, म्हणजे कोणत्याही परीक्षकाला ती पंचांगाशी ताडून पाहता येईल.