कॅन्सरची चौथी स्टेज कळल्यावर, नव्या ताईसाठी

ताई, रिपोर्ट वाचून रात्रभर झोप नाही लागली म्हणालात नं, मलाही नव्हती लागली. माझा ब्रेस्टचा कॅन्सर हाडात गेलेला, पाचवं वर्ष चालू आहे आता, औषध अजून सुरूच आहे.

एकट्या नका राहू बाप्पा. पहिले सहा महिने मी कोणालाच सांगितलं नाही, नातेवाईक रडतील म्हणून, अन् मग केमोच्या वेटिंगमध्ये वर्ध्याच्या एका काकूंनी डबा उघडून अर्धी पोळी दिली अन् विचारलं, तुला कुठं दुखते गं? त्या दिवशी मी पहिल्यांदा खरं बोलली. आता आम्ही सात-आठ जणी आहोत, स्कॅनच्या आदल्या रात्री एकमेकींना फोन करतो. नागपूरचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो की जामठ्याचं, बाजूच्या खुर्चीवर बसलेलीला बोलून बघा.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे डॉक्टरनं हात टेकले असं नाही हं, दुखणं कमी करायला ती ट्रीटमेंटसोबतच चालते, लवकर विचारा. जास्त दुखण्यावरचं मॉर्फिन दिलं तर घाबरू नका, पण बद्धकोष्ठ होते त्यानं, त्याचं औषध सोबतच मागून घ्या. केमो चालू असताना ताप 100.4 झाला की सकाळची वाट पाहायची नाही, रात्री 2 वाजले तरी निघायचं. मुंबईला दाखवायला जाल तर रेल्वेत कॅन्सर पेशंटला सवलत आहे, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्या.

अन् कोणी म्हणालं ना की हिंमत ठेव, रडू नको, तर त्यांचं ऐकू नका. रडायचं असलं की मला फोन करा, दुपारी मी घरीच असते.