जर्मनीत आरोग्य विमा पब्लिक की प्रायव्हेट?

प्रिय मित्रा,

तुझा वर्षाचा पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला (२०२५ मध्ये ती ७३,८०० युरो होती), म्हणजे पब्लिक सोडून प्रायव्हेट आरोग्य विमा घ्यायला तू मोकळा झालास. एजंटने दाखवलेला हप्ता खरोखर कमी आहे, त्यात फसवणूक नाही. प्रायव्हेटमध्ये हप्ता पगारावर ठरत नाही, आज तुझं वय किती आणि तब्येत कशी यावर ठरतो. तू तरुण आहेस, धडधाकट आहेस, एकटा आहेस. स्वस्त पडणारच. स्पेशालिस्टची वेळही लवकर मिळते. पब्लिकवाल्यांना कधी कधी महिनोन् महिने थांबावं लागतं.

तरीही माझं मत विचारशील तर पब्लिकमध्येच राहा.

तिथे पगाराच्या (तोही एका ठरावीक रकमेपर्यंतच्याच) १४.६ टक्के आणि वर त्या त्या विमा संस्थेचा जादा आकार जातो. निम्मा भार तू नोकरी करतोस ती कंपनी उचलते. उद्या तुझं लग्न झालं आणि बायको काही काळ कमावती नसली, तर ती आणि मुलं तुझ्याच विम्यात येतात, एक सेंटही जास्त न भरता. प्रायव्हेटमध्ये प्रत्येकाचा हप्ता वेगळा. चौघांचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघ. (आईबाबांना मात्र पब्लिकच्या कुटुंब विम्यातही घेता येत नाही. त्यांची सोय वेगळी बघावी लागेल.)

दुसरी गोष्ट म्हाताऱ्या वयाची. निवृत्तीनंतर उत्पन्न घटलं की पब्लिकचा हप्ताही उतरतो. प्रायव्हेटचा तसा उतरत नाही. कंपन्या तरुणपणीच्या हप्त्यातून पुढच्यासाठी पैसे बाजूला ठेवतात, पण उपचारांचा खर्च वाढतो तसे हप्तेही वाढतात. तेव्हा परतावं म्हटलं तर पंचावन्नाव्या वर्षानंतर पब्लिकचं दार जवळजवळ बंद असतं. त्याआधीसुद्धा नोकरदाराला परतायचं तर पगार मर्यादेखाली यावा लागतो. नुसती इच्छा पुरत नाही.

तू खास दर्जाचा सरकारी नोकर (जर्मनमध्ये Beamter) असतास तर मी वेगळं सांगितलं असतं. त्यांच्या उपचारांचा निम्मा किंवा त्याहून जास्त खर्च सरकार देतं, म्हणून त्यांना प्रायव्हेट परवडतं.

आणि एवढं वाचूनही प्रायव्हेटकडेच मन ओढत असेल, तर अर्जातल्या तब्येतीच्या प्रश्नांची उत्तरं अगदी खरी दे. जुनी पाठदुखी, समुपदेशनाच्या भेटी, सगळं लिही. लपवलेलं पुढे उघड झालं तर कंपनी करार रद्द करू शकते. सही करण्याआधी दलालाकडून नाव न सांगता चौकशी करून घे. एकदा नकार मिळाला की पुढच्या कंपनीच्या अर्जात बहुधा त्याबद्दलही विचारतात.