वाकडी करंगळी आणि आईस्क्रीमची काडी

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. जन्मापासून त्याच्या दोन्ही करंगळ्या शेजारच्या बोटाकडे वळलेल्या आहेत. दुखत काही नाही. सासूबाई रोज तेल लावून बोट ओढतात. शेजारच्या वहिनींनी सांगितलं म्हणून रात्री आईस्क्रीमची काडी लावून बांधते, पण तो रडून काढून टाकतो. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलंय. त्याला पेटी शिकवायची इच्छा आहे. काय करावं?
– एक आई, इस्लामपूर

उत्तर : ताई, ती काडी आज रात्रीपासून बंद करा. पट्टी करकचून बसली तर बोटाचा रक्तपुरवठा अडतो, आणि फायदा तर शून्य. पोरगं रडतंय ते बरोबरच आहे.

या प्रकाराला आम्ही क्लिनोडॅक्टिली म्हणतो. दोष बहुधा करंगळीच्या मधल्या पेरातल्या हाडात असतो. लहान मुलांच्या या हाडाला बुडाशी वाढीची एक आडवी पट्टी असते, तिच्यामुळे हाड लांब होतं. काही मुलांत ही पट्टी आडवी न राहता अनामिकेच्या बाजूने वर वळते, म्हणून ती बाजू खुरटते आणि हाड त्रिकोणी होतं. सौम्य प्रकारात ते नुसतं तिरपं असतं. म्हणजे वाकडं आहे ते हाड. सांधा आणि शिरा ठीक आहेत. मग ओढून सरळ होणार काय? सासूबाईंना तेल लावू द्या, नातवाचे लाड आहेत ते. ओढणं तेवढं थांबवा.

आणि हो, घरातल्या सगळ्यांचे हात एकदा टेबलावर पालथे ठेवून बघा. असं मूल आलं की मी आधी आईबाबांची बोटं बघते. कितीदा तरी बाबांचीच करंगळी तशी निघते आणि त्यांना पत्ताही नसतो! हे घराण्यात चालत येतं. डाऊन सिंड्रोम (वाढ आणि बुद्धी मंदावणारा जन्मजात दोष) असलेल्या मुलांत अशी करंगळी बऱ्याचदा दिसते, हे मोबाईलवर वाचलं असेल तर घाबरू नका. नुसत्या करंगळीवरून ते निदान होत नाही.

वहिनींचा सल्ला बहुतेक दुसऱ्या एका आजारातून आला असावा. त्यात करंगळी शेजारच्या बोटाकडे न वळता तळहाताकडे आकडीसारखी वाकते आणि टेबलावर सपाट टेकत नाही. त्याला कॅम्प्टोडॅक्टिली म्हणतात. तिथे ताण देण्याचे व्यायाम आणि मापाने बनवलेला स्प्लिंट (बोट ताणून धरणारा आधार) खरंच उपयोगी पडतो, पण महिनोन्‌महिने चिकाटी लागते. तोही थेरपिस्टकडून करून घ्यायचा.

आता ऑपरेशन. मुलाला मूठ वळायला सांगा. करंगळी अनामिकेवर चढते का, पेन्सिल धरताना, बटण लावताना अडते का? अडत नसेल तर नुसतं दिसायला वाकडं म्हणून मी ऑपरेशन करत नाही. कारण व्रण राहतो, सांधा आखडू शकतो, आणि न दुखणारं बोट दुखरं होतं. दहा-पंधरा अंशांचा कल घेऊन माणसं आयुष्यभर सगळी कामं करतात.

कल बराच असेल आणि एक्स-रेमध्ये ती वळलेली पट्टी दिसत असेल, तर मात्र वय महत्त्वाचं. पट्टीचा मधला भाग काढून तिथे थोडी चरबी भरतात, म्हणजे हाड पुन्हा सांधून येत नाही. पुढे वाढता वाढता बोट हळूहळू सरळ होतं. वाढ शिल्लक असतानाच याचा उपयोग, त्यामुळे हे लहानपणीच करतात. मोठ्या मुलांत हाड कापून कोन सुधारावा लागतो आणि काही आठवडे हाडात तार ठेवावी लागते.

तेव्हा त्या डॉक्टरांना एक्स-रे समोर ठेवून तीन गोष्टी विचारा : कोन किती, पट्टी वळलेली आहे का, आणि आत्ता थांबलो तर काय बिघडेल? उत्तर गुळमुळीत वाटलं तर हातांच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. एरवी वर्षातून एकदा दाखवलं तरी पुरे. पेटीचा क्लास मात्र खुशाल लावा, करंगळीसाठी अडून राहू नका.