दहा बाय दहाच्या खोलीत आठ इंची मॉनिटर कशाला?

प्रश्न : मी गायन शिकवतो. घरातल्या दहा बाय दहा फुटांच्या खोलीत शिष्यांचे गायन तबला, तानपुरा आणि हार्मोनियमसह ध्वनिमुद्रित करतो. मिक्सिंग आजवर हेडफोनवर केले. आता स्टुडिओ मॉनिटर, म्हणजे मिक्सिंगसाठीचे स्पीकर, घ्यायचे आहेत. पाच इंची वूफरवर (खालचे स्वर वाजवणाऱ्या शंकूवर) डग्गा ऐकूच येणार नाही, आठ इंचीच घ्या, असे दुकानदार सांगतो. शिवाय हीच जोडी घरच्यांना गाणी ऐकायला चालेल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपण पाच इंचीच घ्यावी आणि वाचलेले पैसे खोलीवर खर्च करावेत. दुकानदाराचे म्हणणे कागदावर अगदीच खोटे नाही. यामाहाच्या एचएस मालिकेचे उदाहरण घेतले, तर निर्मात्याच्या आकड्यांनुसार पाच इंची एचएस ५ हा ५४ हर्ट्झपर्यंत (सेकंदाला ५४ कंपनांपर्यंत) खाली उतरतो आणि आठ इंची एचएस ८ हा ३८ हर्ट्झपर्यंत. परंतु आपल्याकडे त्या तळाशी वाजते काय? काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. तिथे पाच इंची वूफरचा जोर थोडा कमी पडत असेल, पण तार ऐकू येते.

खरी अडचण खोलीची आहे. समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचे अंतर असले, की सुमारे ५६ हर्ट्झचा ध्वनी त्यांच्यामध्ये अडकून घुमत राहतो आणि ११३ हर्ट्झच्या आसपास पुन्हा तेच घडते. आपली खोली चौरस असल्यामुळे भिंतींच्या दोन्ही जोड्या त्याच कंपनांना उचलून धरतात. छतही दहा फुटांवर असेल, तर त्यात तिसरी भर पडते. ५६ हर्ट्झचा घुमार खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो आणि भिंतीशी चढतो. हे पडताळायला यंत्र लागत नाही. डग्ग्याचा एकच खुला आघात पुन्हापुन्हा वाजेल असा लावून ठेवावा आणि खुर्ची मागच्या भिंतीपासून अर्धा-अर्धा फूट पुढे सरकवत जावे. तोच आघात एका जागी फुगलेला आणि दुसऱ्या जागी पोकळ ऐकू येईल. अशा खोलीत आठ इंची वूफर नेमका याच पट्ट्यात जादा जोर ओततो. मग डग्गा जास्त झाला असे समजून आपण तो मिक्समध्ये उतरवता आणि दुसऱ्याच्या घरी तो गायब होतो.

पाच इंची जोडीलाही नीट जागा हवी. दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीवर यावा आणि मागच्या बाजूला पोर्ट (हवा बाहेर सोडणारे भोक) असलेले स्पीकर भिंतीपासून निदान एक-दीड फूट पुढे असावेत. तेवढी जागा नसेल, तर एचएस ५ च्या मागे ५०० हर्ट्झखालचा भाग २ किंवा ४ डेसिबलने उतरवणारा खटका आहे, तो वापरावा. कोपऱ्यांत रॉकवूलचे (आवाज शोषणाऱ्या खनिज लोकरीचे) निदान चार इंच जाड पॅनेल उभे करावेत. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला हमखास मिळेल, पण त्यांनी खर्जाला काडीचाही फरक पडत नाही. इंटरफेसपासून (संगणकाला जोडलेल्या ध्वनिमुद्रणाच्या पेटीपासून) स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड केबल (बाहेरची गुणगुण रोखणारी) वापरावी आणि घरातले अर्थिंग आधी तपासून घ्यावे. नाहीतर वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण तानपुऱ्यात मिसळेल.

दुकानात जाताना आपलेच एखादे ध्वनिमुद्रण सोबत न्यावे आणि सर्व जोड्या एकाच आवाजावर लावून ऐकाव्यात, कारण किंचित मोठ्याने वाजणारा स्पीकर कानाला नेहमीच सरस वाटतो.

घरच्यांचे म्हणाल, तर मॉनिटरवर गाणी ऐकायला काहीच हरकत नाही. स्टुडिओंमध्ये जगभर गाजलेला यामाहाचा एनएस-१० हा १९७८ मध्ये बाजारात आला तो घरगुती स्पीकर म्हणूनच. घरांत तो फारसा रुजला नाही, ही गोष्ट वेगळी. मात्र असे मॉनिटर तीन-चार फुटांवर बसणाऱ्या एका माणसासाठी बेतलेले असतात, प्रत्येक स्पीकरला वेगळा प्लग लागतो, बहुतेकांना रिमोट नसतो आणि जुन्या मुद्रणातली खरखर ते झाकत नाहीत. आपल्याकडची मंडळी याच खोलीत येऊन ऐकणार असतील, तर एक जोडी पुरे. दिवाणखान्यात ऐकणार असतील, तर तिथे साधी वेगळी जोडी ठेवावी. मेहनतीने जागा ठरवलेले मॉनिटर रोज संध्याकाळी उचलून बाहेर नेऊ नयेत.