चालू स्लाइड शो मधेच थांबवून तिथूनच पुढे कसा न्यायचा?

ताई, आधी थेट उत्तर: शो चालू असताना कीबोर्डवरचा एस दाबा. आपोआप सरकणारा शो आहे त्या फोटोवर थांबतो, आणि पुन्हा एस दाबला की पुढे चालू लागतो. एस्केपला हात लावायचा नाही, ते बटण शो संपवण्यासाठी आहे.

तुम्ही लिहिलंय की सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी पॉवरपॉइंटमध्ये ९० फोटोंचा शो केलाय, दर ५ सेकंदांनी फोटो बदलतो, मागे गाणी आहेत. कोणी आठवण सांगायला उठलं की तुम्ही एस्केप दाबता, तर सगळी फाइलच बंद होते आणि पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरुवात करावी लागते. फाइल बंद होते त्यावरून ती 'पॉवरपॉइंट शो' म्हणून, म्हणजे पीपीएसएक्स प्रकारात सेव्ह केलेली असणार. अशी फाइल डबल क्लिक केल्यावर थेट पूर्ण पडद्यावर उघडते आणि शो संपला की तिथेच बंद होते. कार्यक्रमाच्या दिवशी साधी पीपीटीएक्स फाइल उघडून एफ५ ने शो सुरू करा. मग चुकून एस्केप दाबला गेलाच, तर खाली तोच फोटो समोर असेल. शिफ्ट आणि एफ५ एकत्र दाबलं की शो त्याच फोटोपासून सुरू होतो. फक्त त्या स्लाइडवर अ‍ॅनिमेशन असेल तर ते पहिल्यापासून होतं.

एसबद्दल दोन गोष्टी. अधिकच्या चिन्हानेही शो थांबतो असं तुम्हाला कोणी सांगेल. ते खरं आहे, पण लॅपटॉपवर ते चिन्ह बहुधा शिफ्ट धरून येतं. शिफ्ट दाबायचं राहिलं तर बरोबरचं (=) चिन्ह जातं, आणि त्याने माऊसचा बाण दिसतो किंवा लपतो, शो थांबत नाही. घाईत हे लक्षात येत नाही, म्हणून एसच बरा. दुसरं, फोटोंखाली नावं मराठीत टाइप केली असतील तर कीबोर्ड मराठीवरच राहिलेला असतो. शो सुरू करण्याआधी विंडोज आणि स्पेस दाबून तो इंग्रजीवर आणा, म्हणजे एस दाबल्यावर एसच जाईल.

पण मी तुमच्या जागी असतो तर नुसत्या एसवर विसंबलो नसतो. अशा घरगुती समारंभात काय होतं ते बघा. विहिरीच्या काठावर नऊवारीतल्या आजी, शेजारी कोणाचं तरी बोट धरून उभा असलेला लहान मुलगा, असा काळा-पांढरा फोटो येतो. मागच्या रांगेतून एखादे काका उठतात, "ही विहीर आमच्या जुन्या घरामागची..." म्हणून सुरुवात करतात. लॅपटॉपवर बसलेल्या भाच्याच्या हे ध्यानात येऊन तो एस शोधेपर्यंत ५ सेकंद होऊन गेलेले असतात. पडद्यावर बारशाचा फोटो येतो, सगळ्यांच्या माना तिकडे वळतात, आणि काकांचं वाक्य अर्धंच राहतं. ती आठवण पुन्हा तशी कोणी सांगत नाही. शो थांबवण्याची खरी गरज आहे ती या माणसासाठी, म्हणून थांबण्याची सोय फाइलमध्येच करून ठेवा.

कोणत्या फोटोंवर लोक बोलणार हे घरातल्यांना बऱ्यापैकी माहीत असतं. जुनं घर, लग्न, गेलेली माणसं, पहिली नोकरी. असे दहा-बारा फोटो निवडा. डावीकडच्या छोट्या स्लाइड्समधून कंट्रोल धरून ते सगळे सिलेक्ट करा. वर 'ट्रान्झिशन्स'मध्ये अगदी उजवीकडे 'अ‍ॅडव्हान्स स्लाइड' लिहिलेलं दिसेल. तिथे 'आफ्टर'समोरची खूण काढा, 'ऑन माऊस क्लिक'ची ठेवा. बाकी फोटोंवर 'आफ्टर' ५ सेकंद तसंच राहू द्या. आता शो आपला आपण चालेल, आणि एसटी जशी ठरलेल्या थांब्यावर उभी राहते तसा या फोटोंवर आपोआप उभा राहील. काकांचं बोलून झालं, टाळ्या झाल्या, की एक क्लिक किंवा उजवा बाण. पुढचे फोटो पुन्हा ५ सेकंदांनी सरकू लागतील. एस मग फक्त अनपेक्षित ठिकाणी कोणी बोलायला उठलं तर लागेल.

वेळेवर चालणाऱ्या बाकीच्या फोटोंवर 'ऑन माऊस क्लिक'ची खूण काढली तरी चालेल. लहान मुलाचा हात माऊसवर पडला तर फोटो उडणार नाही. कीबोर्डवरचे बाण तरीही चालतातच.

औक्षणाचा विचार केलाय का? सासूबाई पडद्यासमोर बसणार असतील तर प्रोजेक्टरचा झोत थेट त्यांच्या डोळ्यांवर येतो, त्या वयात तो फार त्रासाचा असतो. शोमध्ये बी दाबलं की पडदा पूर्ण काळा होतो, पुन्हा बी दाबलं की स्लाइड परत दिसते. (डब्ल्यूने पडदा पांढरा होतो, तो इथे नको.) मात्र हे वेळ लावलेल्या फोटोवर करू नका. औक्षणाच्या जागी एक साधी स्लाइड घाला, तिचं 'आफ्टर' काढून टाका, आणि तिथे पोचल्यावर बी दाबा. मग कितीही वेळ लागला तरी काही पुढे सरकणार नाही.

गाणी फाइलमधून काढाच, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. ९० फोटो गुणिले ५ सेकंद म्हणजे साडेसात मिनिटं, त्या हिशोबाने तुम्ही गाणी बसवली असतील. पण पहिल्याच थांब्यावर कोणी चार मिनिटं बोललं की तो मेळ बिघडला. शिवाय बोलणाऱ्याच्या मागे गाण्याचा आवाज हळूहळू खाली आणायला माणसाचाच हात लागतो. गाणी फोनवर ठेवा, स्पीकरला जोडा, आणि ते काम दुसऱ्या कोणाकडे द्या.

'सेट अप स्लाइड शो'ही एकदा उघडून बघा. तिथे 'कियॉस्क' निवडलेलं असेल तर क्लिकने पुढे जाता येत नाही, आणि वरचे सगळे थांबे अडकून बसतील. बरेच जण शो सारखा फिरत राहावा म्हणून ते निवडतात. त्यासाठी 'लूप कंटिन्युअसली' ही खूण पुरेशी आहे. तुम्ही 'प्रेझेंटेड बाय अ स्पीकर' ठेवा आणि खाली 'यूझिंग टायमिंग्ज' निवडलेलं असू द्या. 'मॅन्युअली' असेल तर एकही फोटो आपणहून सरकणार नाही.

कोणता फोटो कितवा आहे याची यादी एका कागदावर लिहून लॅपटॉपजवळ ठेवा. "तो विहिरीचा फोटो परत दाखवा" अशी फर्माईश हमखास येते. शो चालू असतानाच २७ टाइप करून एंटर दाबलं की थेट २७वा फोटो येतो.

हॉलवाल्यांचा कॉम्प्युटर वापरणार असाल तर आधी विचारून घ्या, कारण बटणं सगळीकडे सारखी नसतात. गूगल स्लाइड्समध्ये एस दाबलं तर वक्त्याच्या नोट्सची खिडकी उघडते. मॅकवरच्या कीनोटमध्ये शो आहे तिथे थांबवायला एफ असतो. बी मात्र या दोन्हींमध्ये आणि लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्येही पडदा काळाच करतो. पॉवरपॉइंटच असेल तर शोमध्ये एफ१ दाबा, सगळ्या बटणांची यादी समोर येते. भाच्याला ती आदल्या दिवशीच दाखवा.

व्हिडिओ करून नेऊ का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. पेन ड्राइव्हवर जादा म्हणून जरूर न्या, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये तो स्पेस बारने थांबतो आणि चालू होतो. पण व्हिडिओ आपणहून थांब्यावर थांबत नाही, म्हणून मुख्य शो पॉवरपॉइंटमधूनच दाखवा.