वकील कंपनीचा असतो

अनेक आशीर्वाद.

काल तू गेल्यावर काकू म्हणाली, "पोरगी धड जेवली नाही." जेवणार कशी? एका हातात घास आणि दुसऱ्या हाताने फोनवर तीच पीडीएफ वर-खाली. नऊ माणसांच्या स्टार्टअपची ऑफर, काम तुझ्या आवडीचं, आणि संस्थापकाचा तो मेल: व्हिसाचं टेन्शन घेऊ नकोस, आमचा वकील बघेल.

या वाक्यावर मीही एकदा निवांत झोपलो होतो.

वकील कंपनीचा असतो. फी कंपनी देते, फोन तो कंपनीचा उचलतो. माणूस वाईट नसतो, पण तुझा नसतो. कागद स्वतः वाच.

तू त्या एक लाख डॉलरच्या आकड्याला घाबरली आहेस. अमेरिकी अध्यक्षांच्या सप्टेंबर २०२५ च्या आदेशातली ती रक्कम देशाबाहेरच्या माणसासाठी एच-१बीचा, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचा, नवा अर्ज करणाऱ्या कंपनीवर पडते. तू विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर इथेच अमेरिकेत आहेस, इथूनच स्टेटस बदलणार, म्हणून तुला ती लागू नाही. पण अर्ज मंजूर व्हायच्या आत जूनमध्ये भावाच्या लग्नाला सांगलीला गेलीस, तर स्टेटस-बदलाची विनंती बाद होते आणि तोच आकडा त्या नऊ माणसांपुढे येऊन उभा राहतो. मेलमध्ये आहे का हे? नाही. वाच म्हणतो ते यासाठी.

खरी गोम पगारात आहे. एच-१बीच्या वर्षाच्या जागा त्याच, ६५,००० आणि इथल्या मास्टर्सवाल्यांच्या २०,०००. पण सोडत आता सगळ्यांना सारखी नाही. त्या-त्या भागातल्या, त्या-त्या कामाच्या पगाराच्या चार पायऱ्या. पहिलीला एक चिठ्ठी, चौथीला चार. स्टार्टअप तुला काय देतेय? कमी पगार आणि भरपूर शेअर्स. पायरी ठरवताना शेअर्स धरत नाहीत. म्हणजे सॅन होजेतल्या पगारांच्या मानाने तू पहिल्या पायरीवर, एका चिठ्ठीनिशी. जो सौदा तू डोळे चमकवत सांगत होतीस, तोच तुला सोडतीत मागे ढकलतो. मोठ्या कंपन्या पगार वाढवून मोकळ्या होतात. छोट्यांना ते झेपत नाही, मग त्या व्हिसा लागणाऱ्यांचे रेझ्युमे उघडतच नाहीत. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. "कुठल्या पायरीवर नोंदणी करणार?" हे पगार ठरायच्या आधी विचार, नंतर नाही.

आणि मार्चच्या सोडतीची काळजी करण्याआधी मे महिना आठव. ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर इथे काम करायची तुझी मुदत, संपतंय. पुढचे २४ महिने हवेत तर कंपनी ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कामाची परवानगी तपासायच्या सरकारी यंत्रणेत, नोंदलेली लागते. नोंदणी फुकट आहे, तरी नऊ माणसांच्या कंपनीत ती कुणीतरी करावी लागते. तू दाखवलेला आय-९८३, त्या मुदतवाढीसाठीचा प्रशिक्षणाचा फॉर्म, मी चष्मा लावून पाहिला. पाचव्या भागात, जिथे तुझं प्रशिक्षण कसं होणार ते लिहायचं, तिथे एक ओळ: टीमला मदत करेल. वरिष्ठाचं नाव कोरं. आणि तू म्हणालीस, "वकील बघेल ना, काका!" ओपीटीत चालणाऱ्या बेकारीच्या ९० दिवसांतले ४१ संपलेत तुझे, त्याचे नाहीत.

चिडतोय, कारण माझं झालंय. २००१ साली सनीव्हेलमधली माझी स्टार्टअप बुडाली. दुसऱ्या कंपनीने घेतलं आणि सांगितलं, ग्रीन कार्डची फाइल टाकलीय. २००४ साली मी प्रत मागितली. फाइल टाकलीच नव्हती. एका देशाला ग्रीन कार्डांतली ७ टक्के, त्यामुळे आपल्या रांगेत अर्जाची तारीख म्हणजे सगळं. माझी तीन वर्षं गेली, आणि पुढच्याच वर्षी रांग थबकली. मित्राने त्याच्या कंपनीत दोनदा बोलावलं, त्या रांगेपायी मी दोनदा नाही म्हटलं. चूक त्यांची होती हे खरं. पण प्रत मागायला मला तीन वर्षं का लागली?

पुढे मी खुर्चीच्या पलीकडे बसलो. अकरा माणसं, बँकेत सात महिन्यांचे पगार. पुण्याचा एक मुलगा मुलाखतीत सगळ्यांत सरस होता, ओपीटीचे थोडे महिने उरलेले. मी ग्रीन कार्डवाल्याला घेतलं. सोडत मार्चमध्ये, काम ऑक्टोबरात. तोवर आम्ही असू की नाही ठाऊक नव्हतं. माझ्या जागी तूही हेच केलं असतंस. त्याने कारण विचारलं तेव्हा मात्र मी "टीमला शोभणारा हवा होता" असलं काहीतरी लिहिलं. व्हिसा, एवढंच लिहायला हवं होतं. त्याने निदान पुढच्या ठिकाणी आधी विचारलं असतं.

तेव्हा मंगळवारी मेल टाक. ई-व्हेरिफाय आहे का, पायरी कुठली, नोंदणीची आणि अर्जाची प्रत मला मिळेल ना. "सहज विचारतेय" असलं काही घालू नकोस. पाचवा भाग नीट भरून येईपर्यंत सही नाही. मोठ्या कंपनीची ऑफर तोवर धरून ठेव, नाक मुरडू नकोस.

लग्नाची तारीख कळव. तिकीट काढू नकोस अजून.

तुझा,
काका